परमुलुखांतील वागणूक

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं हिमायतनगर येथें केलेलें भाषण)



आज या महोत्सवास दूरदूरच्या गांवांहून पाहुणे आलेले आहेत. अशा वेळीं परदेशचा प्रवास मनुष्यास काय शिकवितो, याचा थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

आगबोटी व उंच इमारती यांचीं वर्णनें पुष्कळ ऐकूं येतात. परंतु परमुलुखांत खरी ओळख पटते ती माणसांच्या वागणुकीची. तेथें आपलें घराणें, जात किंवा मान यांचा कांहीं उपयोग नसतो. समोरच्याच्या मनांत जें असेल तेंच आपल्या वांट्यास येतें.

आनंदीबाई जोशी यांचेंच उदाहरण घ्या. पत्नीच्या शिक्षणासाठीं गोपाळरावांनीं अमेरिकन मिशनरींकडे साहाय्य मागितलें, तेव्हां त्यांस ख्रिस्ती होण्याचें सुचविण्यांत आलें. तो पत्रव्यवहार एका मासिकांत छापला गेला. तो वाचून न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं कोणतीही अट न घालतां आपलें घर देऊं केलें. जून १८८३ मध्यें आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, त्या याच बाईंच्या घरीं राहिल्या व त्यांस मावशी म्हणूं लागल्या. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा सातासमुद्रांपलीकडे, पोकीप्सी येथें, कार्पेंटर कुटुंबियांच्या शेजारीं विसांवली आहे. सख्ख्या नात्यांतही असें क्वचित् घडतें.

तथापि परदेश म्हणजे केवळ सौजन्य, असेंही नव्हे. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या. १८८९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्यांनीं तेथील उद्योगाची व स्त्रीशिक्षणाची स्तुति केली. पण काळ्या लोकांवरील अन्यायही झांकून ठेविला नाहीं. सारांश, कोणताही देश सर्वस्वीं भला वा बुरा नसतो. माणुसकीची परीक्षा एकेका घराच्या दारांत होते.

आपणांपैकीं थोडेच समुद्र ओलांडतील; परंतु मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील आपल्या स्टेशनांत परका मनुष्य उतरतोच. त्याची जात व धर्म विचारण्यापूर्वीं त्यास पाणी विचारावें. अट सुचविणारे लोक धर्मशील होते, यांत शंका नाहीं. पण आनंदीबाईंस घर लाभलें तें अट न घालणारीच्या दारीं. आपल्या धर्मग्रामाचें दार यांपैकीं कोणतें असावें, हें या महोत्सवाच्या वर्षीं आपण सर्वांनीं मिळून ठरवावें, एवढीच आमची विनंति आहे.