मतदान केंद्राच्या तीन पायऱ्या



राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ नागरिकांना मताधिकार दिला. पायऱ्या चढता आल्या पाहिजेत, अशी अट त्यात कोठेही नाही. ती अट घातली शाळांच्या जोत्यांनी. बहुतेक मतदान केंद्रे शाळांत असतात. जोत्याला तीन पायऱ्या म्हणजे उंची सुमारे दीड फूट. एकास बारा हे मान्य प्रमाण धरले, तर चाकाच्या खुर्चीसाठी १८ फूट लांबीचा उतार हवा. आदल्या संध्याकाळी दोन फळ्या टाकून केलेल्या उभ्या चढाला रॅम्प म्हणता येत नाही. त्यावरून जाताना खुर्चीत बसलेला आणि खुर्ची ढकलणारा, दोघेही जीव मुठीत धरून असतात.

२००४ साली जावेद अबिदी यांच्या डिसएबल्ड राइट्स ग्रुपने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. लोकसभेची निवडणूक ऐन भरात असतानाच न्यायालयाने पुढील टप्प्यासाठी लाकडी रॅम्प पुरविण्याचा आदेश दिला. पुढे मतदान यंत्राच्या बटणांशेजारी ब्रेल अंक आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ११ ने ही जबाबदारी राज्य निवडणूक आयोगांवरही टाकली. म्हणजे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही केंद्र सुगम हवे. हे गावोगावी अजून सांगावे लागते.

मात्र रॅम्प दारापर्यंतच नेतो. आत प्रश्न उभा राहतो गुप्ततेचा. अंध मतदार केंद्राध्यक्षांकडून उमेदवारांची ब्रेल यादी मागू शकतो, चाचपून अनुक्रमांक पाहू शकतो आणि यंत्रावरील तोच अंक शोधून स्वतः बटण दाबू शकतो. पुष्कळदा घडते भलतेच. घरचा कर्ता मुलगा बरोबर आत शिरतो, मंडळी सौजन्याने वाट देतात आणि वडिलांच्या नावावर मत पडते ते मुलाचे. यात कोणाचा हेतू वाईट नसतो, हेच अधिक अवघड. वस्तुतः १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार, मतदाराला चिन्ह ओळखणे किंवा बटण दाबणे स्वतः शक्य नसेल तरच सोबत्याला मुभा आहे. त्याचे वय किमान १८ वर्षे हवे. एका दिवशी तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो आणि मत गुप्त राखण्याचे लेखी वचन त्याला द्यावे लागते. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते. अंध मतदाराला तिचा काय उपयोग? ही उणीव भरून निघायला हवी.

किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना घरून टपाली मतदानाची सोय २०१९ च्या नियमबदलाने झाली आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ती देशभर मिळाली. अधिसूचनेपासून पाच दिवसांत नमुना १२-डी द्यावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्यासाठी ही सोय अनमोल आहे. पण ‘घरी देता येते, मग इथे कशाला आलात?’ असे कोणी ऐकवू लागले, तर शाळेच्या पायऱ्या तशाच राहतील. चारचौघांसारखे रांगेत उभे राहण्याची हौस दिव्यांगालाही असते. निवड त्याची.

कार्यकर्त्यांनी मतदानापूर्वी आठ दिवस केंद्रावर टेप घेऊन जावे, उतार मोजावा आणि केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला लेखी कळवावे. सोबती हवा का, हे मुलाला न विचारता मतदारालाच विचारावे. तो ‘नको’ म्हणाला, तर दाराशी थांबावे.