गच्चीवरचे ऊन



आजच्या व्याख्यानाला येताना आपल्यापैकी पुष्कळांनी मनाशी असा बेत केला असेल की, दोन शब्द ऐकावेत, घरी जावे, आणि उद्या दुपारी गच्चीवर चढून सोलरची पॅनेले कोठे बसतील ते एकदा पाहून घ्यावे. आमची पहिली विनंती अशी की, उद्या पाहून काही ठरवू नका. वैशाखात गच्ची पाहणारा मनुष्य हमखास फसतो. आम्ही स्वतः फसलो आहोत. येथे उभे राहण्याचा आमचा अधिकार काय तो तेवढाच.

पुण्याच्या आसपास मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच जिरते. अशा वेळी पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली, शेजारची इमारत यांपैकी कशाचीच सावली गच्चीवर पडलेली दिसत नाही, आणि सारी गच्ची उन्हाचीच आहे असे वाटू लागते. पण तोच सूर्य डिसेंबरात दक्षिणेकडे इतका कलतो की, भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर असतो. दहा फूट उंच टाकीची सावली त्या दिवसांत बारा वाजता नऊ फूट उत्तरेकडे पसरते. सकाळची आणि तिसऱ्या प्रहरची तर याहून कितीतरी लांब. म्हणून गच्ची पाहावी ती मार्गशीर्षात, आणि एकदा नव्हे, दिवसातून तीनदा.

आमच्या घराच्या आग्नेयेला शेजारच्या काकूंचा आंबा आहे. आम्ही पॅनेले बसविली ती मृग निघण्यापूर्वी. दिवाळीपर्यंत सगळे सुरळीत होते. पुढे थंडी पडली, आकाश निरभ्र झाले, आणि वीज वाढण्याऐवजी सकाळच्या प्रहरी पार बसली. वर जाऊन पाहतो तो आंब्याचा शेंडा दोन पॅनेलांवर पसरलेला! आम्ही म्हटले, दोनच तर झाकली आहेत, बाकीची उघडी आहेत. येथे आमचे अज्ञान उघडे पडले.

पूर्वी वाड्यात आग लागली की विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लागे आणि हातोहात घागरी जात. त्या रांगेतला एक गडी जरी मटकन खाली बसला तरी साऱ्या घागरी अडतात. पॅनेलातील सिलिकनचे घट असेच एकामागोमाग एक जोडलेले असतात. एकावर सावली पडली की प्रवाह त्याच्यापाशी अडखळतो. अडलेल्या गड्याला वळसा घालून जाण्यासाठी डायोड नावाची आडवाट पॅनेलात ठेवलेली असते हे खरे, पण त्या वळशात पॅनेलाचा तिसरा हिस्सा तरी बाद होतो. तळहाताएवढी सावली तळहाताएवढेच नुकसान करते असे समजू नये.

शास्त्राचा इतिहास सांगत बसण्याची ही वेळ नव्हे. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी पहिला उपयोगी सिलिकनचा सौर घट करून दाखविला, तेव्हा उन्हातील शंभर भागांपैकी जेमतेम सहा भाग विजेत उतरत होते. आज बाजारातले साधे पॅनेलही वीस भागांच्या पुढे गेले आहे, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे पुरे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. पॅनेलाला ऊन हवे असते, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे त्याची शक्ती शेकडा सुमारे एक तृतीयांशाने घटते, आणि उन्हाळ्यात त्याचे अंग साठ अंशांपर्यंत सहज तापते. म्हणून ते स्लॅबला चिकटवू नये. खालून वारा खेळला पाहिजे.

वाऱ्यावरून आठवले. घरावर पवनचक्की का बसवू नये, असा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना आपण पाहिल्या असतील. पण वाऱ्याचा हिशेब मोठा कठोर आहे. वेग निम्मा झाला की शक्ती निम्मी होत नाही, आठव्या हिश्शावर येते. पठारावरचा वारा मोकळा. गावातला वारा इमारतींना ठेचकाळत, गिरक्या घेत येणारा. तेव्हा गावातल्या घरावरची पवनचक्की पाहुण्यांना दाखविण्यापुरती ठीक.

आता पैशाचे. तीन किलोवॅटची जोडणी तीनशे चौरस फुटांच्या आसपास जागा घेते आणि वर्षाची सरासरी धरता दिवसाला बारा युनिट देते. आषाढात कमी, फाल्गुनात जास्त. केंद्र सरकारने २०२४ साली जी सूर्यघर योजना आणली, तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे मिळून ७८,००० रुपये अनुदान ठरले. त्याहून मोठी जोडणी केली तरी आकडा तोच. गृहसंस्थांच्या सामाईक दिव्यांसाठी आणि पंपासाठी वेगळे अनुदान आहे. तेथे पैशापेक्षा अवघड प्रश्न गच्ची कोणाची हा असतो, आणि तो सभेतच सोडवावा लागतो. शेजाऱ्याने पाच किलोवॅट बसविले म्हणून आपणही पाच बसवावेत हे मात्र करू नये. वर्षभराची बिले काढावीत, युनिटांची बेरीज करावी, आणि तेवढेच बसवावे. उरलेली वीज विकून श्रीमंत झालेला गृहस्थ आमच्या पाहण्यात नाही.

असो. आंब्याकडे परत येऊ. शहरात झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते हे आम्हांला ठाऊक होते. पण फांद्या छाटण्याविषयी बोलून पाहावे म्हणून आम्ही काकूंकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ''आंबा ह्यांनी लावलेला. तुमच्या मुलांनी त्याच्या कैऱ्या खाल्ल्यात. तुमची वीज सकाळी नवाऐवजी अकराला सुरू झाली, तर तुमचं काय अडेल?''

आम्ही घरी येऊन खरोखरच हिशेब मांडला. अडत होते ते फार थोडे. ती दोन पॅनेले उचलून गच्चीच्या पश्चिम कडेला, कपडे वाळत घालण्याच्या जागी नेली. सांगाडा आठ फूट उंच करून घेतला, त्याचा खर्च अंगावर पडला. दोऱ्या आता त्याच्याखाली आहेत. कुरडया घालायला तेवढी जागा गेली, ही तक्रार घरात अजून ऐकू येते, आणि ती रास्त आहे.

शेवटी, ज्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहे ते सांगतो. पॅनेले बसवून वर्ष झाल्यावर एकदा एप्रिलच्या दुपारी आळीतली वीज गेली. डोक्यावर रणरणते ऊन, आणि आमचाही पंखा बंद! काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, ''अहो, ऊन तर आहे की!''

गोष्ट अशी की, बॅटरीवाचूनची ही जोडणी रस्त्यावरच्या तारांशी बांधलेली असते. दुपारी आपल्या घरात खपत नाही ती वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते आणि बहुधा पलीकडच्याच घरात वापरली जाते. रात्री आपण तारांतून परत घेतो. आमच्या गच्चीवरच्या उन्हाने काकूंचा मिक्सर फिरतो, हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांना पटले नाही. पण तारा मेल्या की आपल्या इन्व्हर्टरनेही क्षणात बंद पडावे, अशी त्याची रचनाच केलेली असते. तो बंद पडला नाही, तर मेलेल्या म्हणून हाताळल्या जाणाऱ्या तारांत आपल्या गच्चीवरून वीज शिरेल. ज्यांना दिवे गेल्यावरही पंखा हवा असेल त्यांनी बॅटरी घ्यावी, जास्त पैसे मोजावेत, आणि अशा वेळी घर तारांपासून तोडणारी व्यवस्था जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी.

त्या दुपारी अर्ध्या तासाने वायरमन आला. खांबावर चढण्यापूर्वी त्याने आमच्या गच्चीकडे मान वर करून पाहिले, आणि फाटकाशी येऊन विचारले, ''साहेब, तुमचं सोलर बंद झालंय ना?'' आम्ही त्याला आत नेऊन इन्व्हर्टरवरचा लाल दिवा दाखविला. त्याने तो वाकून नीट पाहिला, तांब्याभर पाणी मागितले, आणि मग तो खांबावर चढला.