मनॅससच्या शेजारची जमीन



अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, प्रिन्स विल्यम काउंटीच्या मंडळासमोर डिसेंबर २०२३ मध्ये एक जनसुनावणी झाली. ती सलग २७ तास चालली. लोक रात्रभर ताटकळले, आपले नाव पुकारले की उठून बोलले. विषय होता ‘डिजिटल गेटवे’. सुमारे २१०० एकर ग्रामीण जमीन आणि तिच्यावर जास्तीत जास्त ३७ डेटा सेंटर, म्हणजे दोन कोटी चौरस फुटांहून अधिक बांधकाम. अखेर चार विरुद्ध तीन मतांनी प्रकल्प मंजूर झाला. मंजुरी देणाऱ्या मंडळाची मुदत संपायला तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते. मंडळाच्या अध्यक्ष तर आधीच पक्षांतर्गत निवडणूक हरल्या होत्या, आणि त्या निवडणुकीत गाजला होता तो डेटा सेंटरचाच मुद्दा.

ही जमीन कुठली, हे कळल्याशिवाय त्या २७ तासांचा अर्थ लागत नाही. तिला लागून मनॅसस रणभूमीचे राष्ट्रीय उद्यान आहे. अमेरिकी यादवी युद्धातल्या दोन मोठ्या लढाया, १८६१ ची आणि १८६२ ची, तिथे झाल्या. १९४० मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात आज पाच हजारांहून अधिक एकरांची कुरणे, झाडी आणि ओढे राखले आहेत. शेजारीच राज्याचे राखीव वन आहे. इथले पाणी पुढे ऑक्कोक्वान जलाशयात उतरते आणि तो जलाशय उत्तर व्हर्जिनियातल्या सुमारे आठ लाख लोकांना पाणी पाजतो. याच काउंटीने १९९८ मध्ये ग्रामीण पट्टा आखून ठेवला होता. दहा एकरांमागे एक घर, असा तिथला नियम होता. नकाशावर जिथे इमारत दिसत नाही ती जागा मोकळीच पडली आहे, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास वाचायला हवा.

या परिसरावर संकट आले ते पहिल्यांदा नव्हे. १९८८ मध्ये रणभूमीला लागून शॉपिंग मॉल होणार होता, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने कायदा करून साडेपाचशे एकरांच्या आसपास जमीन ताब्यात घेतली. १९९३ मध्ये डिस्नेने काही मैलांवर इतिहासावर आधारित मनोरंजन उद्यान जाहीर केले. इतिहासकार विरोधात उभे राहिले आणि सप्टेंबर १९९४ मध्ये कंपनीने तो बेत सोडला.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जमीन विकायला तयार असलेले काही मालक तिथलेच रहिवासी होते. त्यांच्या शेतांवरून उच्चदाबाच्या तारा आधीच गेल्या होत्या आणि हाती येणारा भाव शेतजमिनीच्या कितीतरी पट होता. शेजारच्या लाउडन काउंटीची तिजोरी डेटा सेंटरच्या करांनी भरते, त्यातून शाळा चालतात. डेटा सेंटर हवीतच. बँकेचा व्यवहार, रुग्णालयाच्या नोंदी, रेल्वेचे आरक्षण यांतले काहीच त्यांच्यावाचून चालणार नाही.

पण एक सेंटर म्हणजे नुसती इमारत नसते. तिच्यामागे वीज उपकेंद्र येते, मनोऱ्यांची रांग येते, वीज गेली तर लागणारे डिझेल जनरेटर येतात, तापलेले संगणक थंड ठेवणारी अखंड घरघरणारी यंत्रणा येते. मैलोन्‌मैल छपरे आणि डांबर पसरले की पाऊस जमिनीत मुरायचा थांबतो, गाळ घेऊन ओढ्यात जातो. व्हर्जिनिया विधिमंडळाच्या अभ्यास आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितले की, डेटा सेंटरची मागणी अशीच मोकाट वाढली तर राज्याची विजेची गरज दहा वर्षांत दुप्पट होईल.

ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीशांनी डिजिटल गेटवेचा जमीन-वापर बदल रद्दबातल ठरवला. कारण? सुनावणीची जाहिरात वर्तमानपत्रात कायद्याने सांगितलेल्या रीतीने आली नव्हती. प्रकरण पुढे अपिलात गेले. तरीही एवढे लक्षात घ्या की, अब्जावधी डॉलरचा प्रकल्प अडला तो एका जाहीर सूचनेपाशी. आपल्याकडे अशा सूचना पेपरच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरात येतात आणि ‘हरकती व सूचना’ मागवण्याची मुदत कुणाला न कळता उलटून जाते.

जागेची निवड वेगळी करता येते, याचा दाखला फिनलंडमध्ये आहे. हामिना येथे गूगलने २००९ मध्ये बंद पडलेली कागद गिरणी घेतली आणि तिथेच डेटा सेंटर उभारले. गिरणीसाठी समुद्राचे पाणी आणणारा जुना बोगदा संगणक थंड ठेवायला कामी आला. शिकागोत तर एका जुन्या प्रचंड छापखान्याच्या इमारतीत डेटा सेंटर आहे.

नवी मुंबईचे काय? ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आज देशातल्या मोठ्या डेटा सेंटरांची दाटी आहे. तो पट्टा मुळात एमआयडीसीचा, उद्योगासाठीच ठरलेला, तेव्हा ती तिथे आली हे योग्यच झाले. खरी कसोटी तो भरल्यावर लागेल. एका बाजूला ठाणे खाडी आहे, जिचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर पाणथळही. दुसऱ्या बाजूला पारसिकचे डोंगर. पुढच्या प्रस्तावाचे बोट यांपैकी कुणाकडे वळणार नाही, अशी हमी आज कोणी दिलेली नाही.

स्नातकहो, तुमच्यातले कोणी असा आराखडा काढतील, कोणी त्याचा पर्यावरण अहवाल लिहितील, कोणी त्याला कर्ज मंजूर करतील. सही करण्याआधी जागा पायाखाली घाला. पावसाळ्यात तिथे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, ते गावकऱ्यांना विचारा. जवळपास बंद कारखाना पडून असताना कुरण, कांदळवन किंवा डोंगरउतार का निवडला, याचे लेखी उत्तर मागा. आणि तुमच्या गावची सूचना पेपरात छापून येईल तेव्हा ती वाचा, मुदतीत हरकत नोंदवा, सुनावणीला जा आणि तुमचे नाव पुकारले जाईपर्यंत तिथून उठू नका.