पुण्याचें सिटी चर्च आणि मेणवलीची घंटा
(ज्युबिलीच्या सभेंत सातारा येथें केलेलें भाषण)



गेल्या वर्षीं धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलांस घेऊन आम्हीं वाईजवळ मेणवलीस गेलों होतों. नाना फडणविसांच्या वाड्यामागें कृष्णेचा घाट आहे. तेथें देवळासमोर मोठी घंटा टांगलेली आहे. तिजवर बाळ येशूस घेतलेली पवित्र मरिया आणि १७०७ हा सन आहे. एका मुलानें विचारलें, “फादर, ही आपलीच ना? मग परत कां मागत नाहीं?” त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तें आज देत आहों.

१७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं पोर्तुगीजांपासून वसई घेतली, तेव्हां तिकडील चर्चांच्या घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर आल्या. एक भीमाशंकरास आहे, एक नाशकास नारोशंकराच्या देवळांत आहे, मेणवलीची त्यांपैकींच.

या गोष्टीस त्रेपन्न वर्षें लोटलीं. पुण्यास सवाई माधवराव पेशवे होते. चाळीस दिवसांचे असतां ज्यांस साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रें मिळालीं तेच हे. कारभार नानांच्या, म्हणजे मेणवलीच्याच धन्याच्या, हातीं होता. पेशव्यांच्या फौजेंत गोव्याकडील ख्रिस्ती लोक चाकरीस असत. त्यांतील एक अंमलदार दों मिगेल द नोरोन्या यानें उपासनेसाठीं जागा मागितली, आणि १७९२ सालीं ती पेशव्यांनीं दिली. हल्लींच्या क्वार्टर गेटपाशीं निष्कलंक गर्भसंभव मातेचें मंदिर उभें आहे तें याच जागेवर. पोप नववे पायस यांनीं निष्कलंक गर्भसंभव हें श्रद्धातत्त्व म्हणून १८५४ सालीं जाहीर केलें. पुण्यास पहिली मिस्सा त्यापूर्वींच बासष्ट वर्षें झाली होती!

तें पहिलें मंदिर मातीच्या भिंतींचें व गवती छपराचें होतें. मनोरा नव्हता. हें आम्हीं मुद्दाम सांगतों, कारण आपल्या ज्युबिली कमिटींत मनोरा आधीं कीं छपराची डागडुजी आधीं, याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. मोठें मंदिर पुढें १८५२ सालीं बांधलें गेलें. दरम्यान १८१८ सालीं पेशवाई बुडाली. १९४७ सालीं इंग्रजही गेले. मिस्सा चालूच राहिली. आपला पुणें धर्मप्रांत १८८६ सालचा, तेव्हां हें मंदिर त्याहूनही चौऱ्याण्णव वर्षांनीं वडील.

त्या मुलास आमचें उत्तर असें. बाळा, ज्या घराण्यानें घंटा नेली त्याच घराण्यानें, अप्पांच्या थोरल्या बंधूंच्या पणतूनें, आपल्याला जमीन दिली. मेणवलीकरांनीं घंटेवरची माता घासून टाकली नाहीं. ती आजही त्यांच्या दारीं मानानें आहे. ती तेथेंच असूं दे. घाटावर गेलास म्हणजे मनांत एक ‘नमो मरिया’ म्हण.

आणि कमिटीस: येत्या रविवारीं मिस्सेनंतर बैठक आहे. आमचें मत छपराला.