तंबाखूचा कर आणि विडीवालीचा खोकला

(नाशिक येथे महिला संघटनांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सिन्नरच्या विडी कामगार बायांमध्ये मी काम करते. तिथे बाई सांगते, "ताई, लई ठसका लागतो." सुपात तंबाखू, मांडीजवळ पोर, त्याच खोलीत चूल. बाईने आयुष्यात एकही विडी ओढलेली नसते. दवाखान्यात तिला विचारतात, तंबाखू खाता का, ओढता का? वळता का, असे कोणी विचारत नाही. मग तिचा खोकला कुठल्या रकान्यात लिहिला जाणार?

संशोधनाला पैसा कोण देतो, यावर आपण कधी मोर्चा काढला नाही. रेशन, रोजगार, दारूबंदी हे आपले विषय. पण ज्याचा पैसा, त्याचा प्रश्न आधी विचारला जातो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाहून अधिक खेडुतांची तोंडे तपासली. तोंडाचा कॅन्सर आणि तंबाखू यांचे नाते समजायला या कामाची फार मदत झाली. त्याला पैसा होता अमेरिकेचा, पीएल-४८० निधीतला. तोंडे मराठी, तिजोरी परकी!

२००४ मध्ये प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १२१७ गरोदर बायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या बायांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरली. 'मिश्री सोडा' हा उपदेश ऐकून बायका हसतात. हा आकडा सांगितला की प्रश्न विचारू लागतात. अभ्यासाचा उपयोग तो हाच.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ साली सिगारेटच्या पाकिटावर २५ सेंट जादा कर लावला आणि त्यातला पाच टक्के हिस्सा संशोधनाला कायद्यानेच बांधून दिला. आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने विडीवर कल्याण उपकर होता. त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांना मदत होत असे. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. राज्यात विकल्या जाणाऱ्या विडीवरच्या जीएसटीतला निम्मा वाटा राज्याचा असतो. त्यातला ठराविक हिस्सा तंबाखूच्या रोगांच्या अभ्यासासाठी बाजूला काढा, अशी आपली मागणी हवी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशकात आहे. सिन्नर काही लांब नाही. विडी वळणाऱ्या बाईची फुप्फुसे, तिची पाळी, तिची बाळंतपणे, दिवसभर वाकलेली तिची पाठ, सगळे तिथे तपासले जावे.

एक भीती वस्तीतूनच ऐकू येते. "डॉक्टर येतील, रोग काढतील, अन् कारखाना बंद पडंल. मग खायाचं काय?" ही भीती पोकळ नाही. तिला अज्ञान म्हणणाऱ्यांनी एक दिवस विड्या वळून पाहाव्यात. म्हणून अभ्यासाला पैसा मागतानाच उपचाराचा आणि दुसऱ्या कामाचा पैसा मागायचा. रक्त घेऊन, फोटो काढून निघून जाणारे पाहुणे नकोत. काय निघाले ते आधी त्या बायांना मराठीत सांगायचे, पेपर नंतर छापायचे. आणि प्रश्नावली करताना विडी वळणाऱ्या दोघी-तिघी समितीत बसल्या पाहिजेत, चहापुरत्या नव्हे.

निवेदनाचा कच्चा मसुदा मागच्या टेबलावर ठेवला आहे. वाचा, खाडाखोड करा. सह्या त्यानंतर.