नऊ मिनिटं एकोणीस सेकंद

(अर्धापूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या भागातल्या रस्त्यांवर पहाटे मुली पळताना दिसू लागतात. भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. छातीचा भाता कुठे होतो, शेवटच्या दोनशे मीटरला पाय कसे जड पडतात, हे अर्धापूरच्या मुलीला मी सांगायला नको. म्हणून ललिता बाबरची ओळख मी याच अंतरावरून करून देतो. रिओ ऑलिम्पिकमध्ये तिनं ३००० मीटर स्टीपलचेस ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत पूर्ण केली. म्हणजे ८०० मीटरला सरासरी २ मिनिटं २९ सेकंद, आणि तेही न थांबता पावणेचार वेळा. शिवाय वाटेत पस्तीस अडथळे.

हे अडथळे नीट समजून घ्या. साध्या हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो. इथला अडथळा जाडजूड लाकडी तुळईचा. धडकलात तर पडता तुम्ही, तो जागचा हलत नाही. महिलांसाठी त्याची उंची साधारण ७६ सेंटिमीटर. असे अठ्ठावीस कोरडे, आणि सात वेळा अडथळ्यापलीकडे पाण्याचा खड्डा. प्रत्येक अडथळ्याआधी पावलं जुळवावी लागतात आणि लय मोडते. दम लांब पल्ल्याच्या धावपटूचा लागतो, नजर हर्डल्सवाल्याची. महिलांची ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये आली तीच २००८ साली.

ललिताचा जन्म १९८९चा, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावचा. कायम दुष्काळी तालुका, शेतकऱ्याचं घर. इथे कालव्याच्या पाण्यावर केळीच्या बागा पाहणाऱ्यांनी माणची माळरानं एकदा पाहून यावीत. २००५ साली पुण्यात वीस वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिला सुवर्णपदक मिळालं. पुढे रेल्वेची नोकरी लागली. खेळाडूच्या घरची चूल पेटती ठेवणाऱ्या या नोकरीचं मोल आपण फार कमी बोलून दाखवतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये ती भारतीय महिलांत पहिली येत होती. नाव होतं, बक्षिसं होती. पण आशियाई पातळीवर पदक हवं म्हणून २०१४ साली, पंचविशीत, तिनं स्टीपलचेस धरली. निकोलाय स्नेसारेव्ह हे बेलारूसचे प्रशिक्षक तिला लाभले. जिंकत असलेली वाट सोडून नवी धरणं मला तिच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं धाडस वाटतं.

त्याच वर्षी इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत तिनं कांस्यपदक मिळवलं आणि सुधा सिंगचा राष्ट्रीय विक्रम मोडला: ९:३५.३७. पुढच्या वर्षी वुहानला आशियाई अजिंक्यपद, ९:३४.१३. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ९:२७.८६ आणि अंतिम फेरीत आठवा क्रमांक. एप्रिल २०१६, दिल्ली, ९:२७.०९. आणि ऑगस्टमध्ये रिओ.

रिओच्या प्राथमिक फेरीत ती आपल्या गटात चौथी आली. थेट प्रवेश पहिल्या तिघींनाच होता, बाकीच्या सहा जणी वेळेवर निवडल्या जाणार होत्या. ललिताला अंतिम फेरीत नेलं ते तिच्या ९:१९.७६ या वेळेनं. लॉस एंजेलिसला १९८४ साली पी. टी. उषा धावली, त्यानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत भारतीय खेळाडू उभी राहिली. १५ ऑगस्टला तिथे ती ९:२२.७४ वेळेत दहावी आली.

‘दहावी? म्हणजे पदक नाहीच ना?’ असं विचारणारे तेव्हा पुष्कळ भेटले. त्यांना मी कळकळीनं सांगतो की क्रमांक इतर धावपटूंवरही ठरतो, वेळ मात्र फक्त आपली असते. इंचिऑन ते रिओ, दोन वर्षांच्या आत पंधरा सेकंदांहून अधिक वेळ कमी झाली. २०१४ची ललिता आणि २०१६ची ललिता एकाच शर्यतीत उतरवल्या, तर पहिली ऐंशी मीटर मागे राहील! ती रिओची वेळ सात वर्षं राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. २०२३ साली बुडापेस्टला पारुल चौधरीनं ९:१५.३१ अशी वेळ देऊन ती मोडली.

ललिता पुढे राज्याच्या सेवेत उपजिल्हाधिकारी झाली. याच शर्यतीत पुरुषांमध्ये नाव काढणारा अविनाश साबळे आपल्या मराठवाड्याचा, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा. तेव्हा ही शर्यत आपल्याला परकी नाही.

आपल्याकडे होतं असं, की मुलगी भरती झाली किंवा तिची भरती हुकली, दोन्ही वेळा पळणं थांबतं. तिची वेळ कुणी लिहूनही ठेवलेली नसते. माझं मागणं छोटं आहे. शाळेच्या मैदानावर टेपनं मोजून फक्कीची धावपट्टी आखा. मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आहेच. क्रीडाशिक्षकांनी आठवीपासूनच्या मुलींची ८०० मीटरची वेळ दर महिन्याला वहीत नोंदवावी, जाहिरात निघो न निघो. जिची वेळ महिन्यामागून महिना कमी होत असेल, तिला नांदेडला किंवा पुण्याला चांगल्या प्रशिक्षकाकडे घेऊन जा. तिच्या गाडीभाड्याची सोय या सभागृहात बसलेला कुणीही करू शकेल.