शुगरचा पाय आणि स्टेम सेलची आशा
(गावपातळीवरील आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



अलीकडे गावागावांत मला एकच प्रश्न विचारला जातो : "सिस्टर, शुगरने चिघळलेला पाय स्टेम सेलच्या इंजेक्शनने वाचतो म्हणे?" मोबाइलवर व्हिडिओ फिरतात, शहरातल्या एखाद्या दवाखान्यातून फोन येतो. एका घरी तर त्यासाठी बैलजोडी विकायची बोलणी चालली होती. म्हणून आज हाच विषय घेते.

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. आपल्या हाडांतल्या मज्जेत त्या असतात. पायाचा रक्तपुरवठा तुटला, तर अशा पेशी पोटरीच्या स्नायूत टोचतात. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या नव्याने फुटाव्यात, अशी अपेक्षा असते. हे थोतांड नाही. २०२० साली भारताच्या औषध नियंत्रकांनी बंगळुरूच्या एका कंपनीच्या 'स्टेम्प्युसेल' या औषधाला रक्तपुरवठा गंभीरपणे तुटलेल्या पायासाठी परवानगी दिली आहे.

पण शुगरचा पाय दोन वाटांनी बिघडतो. एक, रक्तवाहिन्या अरुंद होतात. बिडी-तंबाखूने ते आणखी वाढते. दुसरी, नसा मरतात आणि पाय बधिर होतो. काटा रुतला, शेकोटीने भाजले, चपलेने घासले, तरी कळत नाही. माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि ती हाडापर्यंत जाते. अशा पायाचा भार कमी केला नाही, तर कोणतेही इंजेक्शन पुरणार नाही.

बधिर पाय आपल्या जिल्ह्यांना नवा नाही. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली. कुष्ठरोग्यांच्या पायांनी आपल्याला शिकवले, की वेदना गेली म्हणजे पायाचा राखणदार गेला. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर काम केलेले डॉ. पॉल ब्रँड १९६६ साली अमेरिकेत कारव्हिलला गेले. कुष्ठरोगातल्या जखमेला विश्रांती देणारे प्लास्टर तिथे मधुमेहाच्या रुग्णांनाही उपयोगी पडले. रोग वेगळे, पण जखम होण्याची रीत तीच. मऊ तळव्याची एम.सी.आर. चप्पल आपण कुष्ठरोग्यांना देत आलो. शुगरच्या बधिर पायालाही तशीच चप्पल लागते.

मग पाय बधिर झाला हे ओळखायचे कसे? यंत्र नको, तुमचे बोट पुरे. रुग्णाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकावर अलगद, एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळले नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजा.

अशा माणसाने अनवाणी फिरायचे नाही. मोह वेचताना नाही, अंगणातही नाही. रोज संध्याकाळी तळवे बघायचे. स्वतःला दिसत नसतील, तर नातवाला बघायला सांगायचे. चप्पल घालण्याआधी झटकायची. गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, शेकोटीला धरायचे नाहीत, भोवरी ब्लेडने कापायची नाही. शुगरची गोळी चुकवायची नाही. बोट काळे पडले, पू आला, वास सुटला किंवा लाली वर चढली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. बाजाराच्या दिवसाची वाट बघायची नाही.

आणि कोणी स्टेम सेलचे नाव घेतले, तर रुग्णाच्या बाजूने तीन गोष्टी विचारा. या पायाचा रक्तप्रवाह तपासला का? हे औषध नेमक्या याच आजारासाठी मंजूर आहे का? प्रयोग असेल, तर चाचणीचा सरकारी नोंदणी क्रमांक कोणता? २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मंजुरी नसलेला स्टेम सेल उपचार फक्त नोंदलेल्या चाचणीतच देता येतो, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. जिथे चाचणीही म्हणतात आणि पैसेही मागतात, तिथून रुग्णाला उठवून आणा आणि जिल्हा रुग्णालयात न्या.

या आठवड्यात आपापल्या गावातल्या शुगरच्या प्रत्येक माणसाचे पाय तपासा. ज्यांना स्पर्श कळत नाही, त्यांची नावे पुढच्या बैठकीत माझ्याकडे द्या. त्यांच्या चपलांची मापे आपण तिथेच घेऊ.